भोंगाताई

अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायला बसणारी बाई धीट असणार, असं लोकांना वाटतं. ताईच्या बाबतीत नेमकं उलट होतं. फोनची घंटा वाजली की तिच्या छातीत धस्स व्हायचं. नोकरीला लागली तेव्हा व्हायचं, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी होतच होतं. फरक पडला होता तो एवढाच, की आतून कापत असताना आवाज सरळ ठेवायला ती शिकली होती. "अग्निशमन दल. पत्ता सांगा. हळू सांगा, मी ऐकतेय." पलीकडच्या माणसाला वाटायचं, बाई काय थंड डोक्याची आहे. इकडे ताईच्या तळहाताला घाम सुटलेला असायचा.

घरीही तेच. बाहेर पडताना गॅसची कळ बघायची, जिना उतरायचा, पुन्हा वर जाऊन कळ बघायची. नवरा पर्यटकांची टॅक्सी चालवायचा. घाट चढून झाला की त्याने फोन करायचा, घाट उतरून झाला की पुन्हा करायचा, हा नियम. कधी विसरला तर घरात त्याची धडगत नसे. सासूबाई म्हणायच्या, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! तू घाबरतेस म्हणून तो आपल्याकडेच मुक्कामाला आलाय. भाडं तरी घे त्याच्याकडून."

ताई हसायची. पण एक गोष्ट तिने घरात कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका दुपारी एक फोन आला होता. शाळेच्या मैदानावरून. पाऊस आला म्हणून मुलं झाडाखाली थांबली होती आणि झाडावर वीज पडली होती. फोनवर शाळेचा शिपाई होता. तो ओरडत नव्हता, रडत नव्हता. "झोपल्यासारखी दिसतायत हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. "नुसती झोपल्यासारखी दिसतायत." गाड्या पोहोचेपर्यंत ताई त्याच्याशी बोलत राहिली. तेव्हापासून आभाळ गडगडलं की ती जिथे असेल तिथे उठून उभी राहायची, आणि आपण का उठलो हे तिचं तिलाही सांगता यायचं नाही.

त्या शहरात पूर्वी कापडाचे मोठे कारखाने होते. ते एकामागून एक बंद पडले आणि उरलं काय, तर एक तळं, एक डोंगर आणि रिकामी हॉटेलं. मग महापौरबाईंनी सभेत ठराव आणला, की शहराने पैसे घालून व्यावसायिक गोल्फची मोठी स्पर्धा भरवायची. जगभरातले खेळाडू येतील, टीव्हीवर चार दिवस आपलं तळं दिसेल, ते बघून लोक फिरायला येतील. सभेत रणकंदन झालं. एकजण म्हणाला, "नळाला पाणी नाही आणि हिरवळीला पाणी घालायला निघालेत." दुसऱ्याने टेबलावर हात आपटून विचारलं, "मग हॉटेलं विकून टाकायची का?" शेवटी ठराव काठावर पास झाला.

ताईच्या घरातही दोन तट पडले. नवरा खूश होता; त्याची टॅक्सी कित्येक महिने निम्मा वेळ झाडाखाली उभी असायची. सासूबाईंना मात्र हे प्रकरणच पटेना. "म्हणजे चेंडू काठीने लांब मारायचा, आणि मग आपणच चालत त्याच्यामागे जायचं?"

"हो, आई."

"आणि हे बघायला माणसं विमानाने येणार?"

"हो ना."

"घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं," असं म्हणून त्यांनी भाजी निवडायला घेतली.

मुलगी कॉलेजात होती. तिने स्वयंसेवकांत नाव दिलं आणि निवडली गेली. काम मोठं मानाचं. खेळाडूंच्या गटाबरोबर मैदानभर चालायचं आणि गुण दाखवणारी पाटी उंच धरायची. पाटीचा दांडा धातूचा, माणसापेक्षा उंच. तिने घरात तो कसा धरायचा हे झाडूने करून दाखवलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या. पण तिची नजर दांड्याच्या वरच्या टोकावर होती.

थोड्या दिवसांनी दलाच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं.

"ताई, स्पर्धेच्या भोंग्यावर तुम्ही बसायचंय."

"कुठल्या भोंग्यावर, सर?"

साहेबांनी समजावलं. गोल्फचं मैदान उघडं, झाडं उंच, खेळाडूंच्या हातात धातूच्या काठ्या. विजा आल्या तर खेळ ताबडतोब थांबवावा लागतो. त्यासाठी एक भोंगा असतो. तो वाजला की खेळाडूंनी असेल तिथे खेळ सोडायचा आणि प्रेक्षकांना बसगाड्यांत आणि इमारतींत न्यायचं. आयोजक यासाठी बाहेरून हवामानाचा माणूस आणणार होते, पण शहराने खर्च वाचवायला सुरक्षेचं काम आपल्या अंगावर घेतलं होतं.

"सर, मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही."

"गोल्फ बघूच नका. विजा दाखवणारा पडदा बघा. आपण मधोमध, आपल्याभोवती लाल वर्तुळ, त्याबाहेर पिवळं. वीज पिवळ्यात चमकली तर सावध राहायचं. लाल वर्तुळात आली की बटण दाबायचं. एवढंच."

"दुसरं कोणी नाही का, सर?"

"बाकीचे सगळे गाड्यांवर लागणार आहेत." साहेबांनी नजर खिडकीकडे वळवली. "आणि खरं सांगू? दोघांना विचारलं. दोघांच्याही पाठी अचानक दुखायला लागल्या."

नाही म्हणायचीही ताईला भीती वाटली. म्हणून ती हो म्हणाली.

भोंग्याची खोली क्लबच्या इमारतीवर होती. तीन बाजूंना काचा, एक टेबल, एक पडदा, एक फोन आणि झाकणाखाली ते लाल बटण. पहिले दिवस रणरणत्या उन्हात गेले. आभाळ कोरं. ताई तरीही पाणी प्यायलासुद्धा पडद्यासमोरून हलेना. खाली गर्दी शिस्तीत टाळ्या वाजवायची, गप्प व्हायची, पुन्हा टाळ्या वाजवायची. नवऱ्याचे फोन यायचे, "अगं, आज तीन फेऱ्या झाल्या, सगळे परदेशी. तळ्याचे फोटो काढून काढून दमले." त्याचा आवाज ऐकून तिला बरं वाटायचं.

शेवटच्या दिवशी दुपारी डोंगरामागून ढग वर आले. हंगाम नसताना, न सांगता. आधी राखाडी, मग जांभळट. वारा पडला. मैदानावरचे झेंडे काठीला चिकटून लोंबकळू लागले.

ताई उठून उभी राहिली.

त्याच सुमारास स्पर्धेचे संचालक वर आले. उंच, गोड बोलणारे गृहस्थ, डोक्याला पांढरी टोपी. काचेतून त्यांनी ढगांकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"ताई, एक छोटी विनंती. लाल झालं तरी बटण दाबण्याआधी मला एक फोन करा."

"पण नियम असा आहे, की..."

"नियम आहेच हो. मी कुठे नाही म्हणतोय? एक मिनिटाचा प्रश्न आहे. थेट प्रक्षेपण चालू आहे. शेवटच्या टप्प्यात शहराची फिल्म दाखवायची आहे, तळ्याची. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती. समजतंय ना?"

ताईने मान डोलावली. तिला सगळं समजत होतं. ते गेले आणि लगेच फोन वाजला. महापौरबाई. "ताई, आज जग आपल्याकडे बघतंय. उगाच घाबरून जाऊ नका हं." आवाजात माया होती.

तिने दुर्बीण डोळ्याला लावली. मैदानाच्या पार टोकाला, ओढ्यापलीकडच्या उतारावर शेवटचा गट चालला होता. सगळ्यात पुढे असलेला खेळाडू त्यातच. त्याच्यामागे निळ्या टोपीत तिची मुलगी. हातात उंच पाटी, सरळ, न वाकवता धरलेली. आजूबाजूला एक झुडूप नाही. आणि उतारावर माणसंच माणसं बसलेली, म्हातारीकोतारी, लेकुरवाळी, रंगीत छत्र्या उघडून. तिथून परतायला एकच वाट आणि ओढ्यावर एकच अरुंद पूल.

पडद्यावर पहिला ठिपका उमटला. पिवळ्या वर्तुळात, अगदी कडेला. मग दुसरा. मग जरा आत, दोन एकदम.

तिने मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेब पाहुण्यांच्या मंडपात होते, फोन उचलेनात. संचालकांना लावला.

"लाल झालं?"

"नाही, पण सरकतंय. पिवळ्यातच आहे, पण..."

"पिवळ्यातच आहे ना? मग?" आणि फोन ठेवला.

'मग' हा शब्द तिच्या कानात अडकला. मग ते लाल होईल. मग मी फोन करीन. मग ते म्हणतील एक मिनिट. मग ते महापौरांना विचारतील. मग कधीतरी भोंगा वाजेल, आणि मग एवढी माणसं त्या एका पुलावर धावतील. लांबून गडगडाट ऐकू आला, कुणीतरी वरच्या मजल्यावर कपाट सरकवावं तसा. तिला शाळेचा शिपाई आठवला का? नंतर लोकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, काही आठवलं नाही. डोळ्यांसमोर फक्त ती पाटी होती, आभाळाकडे रोखलेली.

ठिपके पिवळ्यातच होते. तिने झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

भोंग्याचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. मैदान क्षणभर थिजलं. मग छत्र्या मिटल्या, माणसं उठली, पुलाकडे रांग सरकू लागली. दुर्बिणीतून निळी टोपी दिसेना, तेव्हा ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मग दिसली. गाडीत बसताना. पाटी जमिनीवर टाकलेली. ताई खुर्चीत कोसळल्यासारखी बसली.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. संचालक आत आले. आता ते गोड बोलत नव्हते.

"लाल झालं?"

"नाही."

"नाही? मग दाबलंत कशाला?"

तिला उत्तर द्यायचं होतं. एवढी वर्षं कसल्याकसल्या फोनवर सरळ राहिलेला आवाज त्या वेळी दगा देऊन गेला.

आणि मग जे झालं ते असं, की काहीच झालं नाही. ढग डोंगराच्या कडेकडेने सरकत पलीकडच्या बाजूला गेले. लाल वर्तुळात एकही ठिपका उमटला नाही. चार थेंब पडले, तेही जमिनीवर पडताच वाळले. पण पिवळ्यात अधूनमधून चमकत राहिलं, आणि एकदा भोंगा वाजला की चमकणं पूर्ण थांबल्याशिवाय खेळ पुन्हा सुरू करता येत नाही, हा नियम खेळाच्या वरच्या संघटनेकडून आलेला; तो महापौरांनाही मोडता येईना. ऊन पडलं, पाठोपाठ संध्याकाळ झाली. खेळ दुसऱ्या दिवशी सकाळी उरकला, रिकाम्या उतारांसमोर. टीव्हीवर तेव्हा दुसरंच काही चालू होतं. शहराची फिल्म कोणी पाहिली नाही. आणि आदल्या दिवशी पुढे असलेला खेळाडू सकाळी हरला.

भोंगा वाजला त्या संध्याकाळी ताई घरी परतली. मुलगी खोलीचं दार लावून बसली होती. नवरा बराच वेळ चपला न काढता खुर्चीत बसून राहिला. मग म्हणाला, "अगं, दाबायचं होतं तर लाल झाल्यावर दाबायचं ना."

ताई मान खाली घालून ताटं मांडत होती. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "विजेला रंग कळतात का रे?"

"तसं नाही, आई. यंत्र असतं..."

"मी विजेचं विचारलं, यंत्राचं नाही." आणि त्यांनी सुनेच्या हातातून ताटं काढून घेतली. "बस तू. हात बघ कसे थरथरतायत. फोडशील माझी भांडी."

पुढचे दिवस ताईने जीव मुठीत धरून काढले. एका वर्तमानपत्राने तिला 'भोंगाताई' म्हटलं आणि ते नाव गावभर झालं. दुकानात गेली की मागून कोणीतरी तोंडाने भोंगा वाजवायचं. हॉटेलवाल्यांनी निषेधाचं पत्रक काढलं. ज्यांनी आधीपासून स्पर्धेला विरोध केला होता ते तिला घरी भेटायला आले, हार घेऊन; ती त्यांनाच जास्त घाबरली आणि मागच्या दाराने निघून गेली. नोकरी जाईल, नवऱ्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, मुलीला कॉलेजात तोंड दाखवता येणार नाही, अशी एकेक भीती रांगेत उभी राहायची.

चौकशी महापालिकेच्या छोट्या सभागृहात झाली. लांब टेबल, पलीकडे तिघे, अलीकडे एकटी ताई. मधे बसलेले वयस्कर गृहस्थ आवाज न चढवता बोलत होते. त्यामुळे तिला आणखीच भीती वाटली.

"नियम तुम्हाला माहीत होता?"

"हो, साहेब."

"तरीही पिवळ्यात भोंगा वाजवलात."

"हो."

त्यांनी चष्मा काढला. "तुमची मुलगी त्या वेळी मैदानावर होती, हे खरं?"

सभागृहात कोणीतरी खाकरलं. ताईला वाटलं, आता पायाखालची फरशी सरकणार. 'बटणाचा तिच्याशी काही संबंध नव्हता, मी सगळ्यांचा विचार केला' असं म्हणणं सोपं होतं. नवऱ्याने तेच शिकवून पाठवलं होतं.

"हो," ती म्हणाली.

"ती नसती, तर तुम्ही तेव्हाच बटण दाबलं असतं?"

ताईने वर पाहिलं.

"मला माहीत नाही, साहेब. खरंच माहीत नाही. मी दुर्बिणीतून तिलाच बघत होते. पण तिच्या बाजूला जी माणसं होती, तीही दिसत होती. आणि मला सांगितलं होतं, लाल झालं की आधी फोन करून विचारा. विचारण्यात वेळ गेला असता. मला त्या वेळाची भीती वाटली. विजेइतकीच."

"असं कोणी सांगितलं?"

तिने नाव घेतलं. संचालक भिंतीशी बसले होते. ते उठून म्हणाले, की आपण फक्त 'कळवा' म्हणालो होतो, 'विचारा' म्हणालो नव्हतो. दोन्ही शब्द लिहून घेतले गेले. खरं कोणाचं, ते काही ठरलं नाही.

निकाल असा लागला, की हेतू वाईट नव्हता, पण नियम मोडला. ताईला समज दिली आणि नियंत्रण कक्षातून काढून जन्मनोंदणीच्या खिडकीवर बसवलं. नोकरी वाचली म्हणून घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. खिडकीवर लोक पेढे वाटायला निघाल्यासारखे चेहरे करून यायचे, बाळाचं नाव सांगायचे, हसत जायचे. भिण्यासारखं तिथे काही नव्हतं. तरी ताईला वाटायचं, कुठेतरी फोन वाजतोय आणि तो कोणी उचलत नाहीये.

मुलीचा अबोला त्याहून वाईट. हो-नाहीपुरतं बोलायची. एका रविवारी सकाळी दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मुलगी चादरीच्या पलीकडे होती, चेहरा दिसत नव्हता.

"आई, तुला एक सांगायचंय."

"सांग."

"त्या दिवशी मी घाबरले होते. गडगडायला लागलं तेव्हा. वाटत होतं पाटी टाकावी आणि पळावं. पण समोर कॅमेरा होता, आणि बाकी कोणी घाबरलेलं दिसत नव्हतं. म्हटलं, मीच का?" चादर जराशी हलली. "भोंगा वाजला तेव्हा मला रडू आलं. इतकं बरं वाटलं. मग गाडीत सगळे चिडले, तुला नावं ठेवायला लागले, तेव्हा मीही... मीही ठेवली. म्हणून तुझ्याशी बोलता येत नव्हतं."

ताईने चादर बाजूला केली. मुलीने डोळे पुसले आणि एकदम हसायला लागली.

"आणि तो, पुढे होता ना, तो उंच खेळाडू? भोंगा वाजल्याबरोबर सगळ्यात आधी तो पळाला. काठ्यांची पिशवी तिथेच टाकून! गाडीत बसल्यावर हात जोडून काहीतरी पुटपुटत होता."

"काय सांगतेस!"

"शपथ. पण टीव्हीवर म्हणाला, खेळ थांबला नसता तर मीच जिंकलो असतो."

दोघी गच्चीवर बसून पोट धरून हसल्या. खालून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" तर दोघींनाही सांगता येईना.

वर्षभराने स्पर्धेचा विषय सभेत पुन्हा आला. पुन्हा टेबलं वाजली. स्पर्धेमुळे पर्यटक वाढले की नाही यावर दोन्ही बाजूंकडे आपापले आकडे होते. शेवटी शहराने आधीपेक्षा कमी पैसे द्यायचं ठरलं. आणि मग घोडं अडलं ते भोंग्यावर. त्या खुर्चीवर बसायला कोणी तयार होईना. बाहेरून माणूस आणायला पैसे उरले नव्हते, आणि दलात पाठदुखीची साथच आली.

मोठे साहेब स्वतः जन्मनोंदणीच्या खिडकीसमोर येऊन उभे राहिले. रांगेत उभे राहून, आपला नंबर आल्यावर.

"ताई, याल का परत?"

"सर, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," साहेब म्हणाले. "गेल्या वेळी तुमचा फोन वाजत होता. मी हातात धरून बघत होतो. उचलला नाही."

रांगेतला बाप बाळाला थोपटत होता. ताईने त्याचा कागद पुढे ओढला, शिक्का मारला, त्याला जाऊ दिलं. मग म्हणाली, "येईन. पण त्या खोलीतला फोन काढून टाकायचा. आणि मुलगी यंदाही पाटी घेऊन मैदानावर असणार आहे. तिनेच ठरवलंय. ते आधीच लिहून ठेवा. नंतर विचारू नका."

साहेबांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

त्या वर्षी स्पर्धेचे सगळे दिवस आभाळ निळंशार राहिलं. पडद्यावर पिवळ्यातसुद्धा ठिपका आला नाही. ताई तरीही प्रत्येक दिवशी सकाळपासून उभीच होती, हात बटणाच्या झाकणापासून वीतभर अंतरावर. शेवटचा चेंडू खड्ड्यात गेला, टाळ्या झाल्या, तळ्याची फिल्म टीव्हीवर लागली आणि ती सगळ्यांनी पाहिली. खाली महापौरबाई सगळ्यांशी हात मिळवत होत्या.

ताई जिना उतरायला लागली आणि मधल्या पायरीवर बसली. तिथल्या खिडकीतून ओढ्यावरचा पूल दिसत होता. मोठे साहेब खालून वर आले, तिला पाहिलं आणि तिच्या खालच्या पायरीवर बसले. बाहेर माणसं हसत, गलका करत गाड्यांकडे चालली होती. सगळी गर्दी पुलावरून पार होईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.